फायबर जोडलं, घर उघडं राहिलं

पहिल्या दोन वर्षांत देवगड आणि मालवण तालुक्यांत मिळून मी शंभरेक घरांत फायबरचं नेट जोडलं. त्यातल्या बहुतेक राउटरच्या सेटिंगला एकच पासवर्ड होता, मीच ठेवलेला: 'अॅडमिन' आणि पुढे एक-दोन-तीन. तक्रार आली की शोधाशोध नको, थेट राउटर उघडता यावा, एवढाच विचार होता. वायफायचा पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर, कारण तो कोणी विसरत नाही. काम झटपट व्हायचं, लोक खूश असायचे. यात काय चुकतंय ते कळायला एक पावसाळा जावा लागला. बारावी किंवा आयटीआय करून या कामात येणाऱ्या मुलामुलींना ते आधीच कळावं, म्हणून लिहितोय.

सुरुवात केबलपासूनच होते. खांबावरून येणारी फायबर काचेची, केसासारखी बारीक. ती घरातल्या ओएनयूच्या, म्हणजे प्रकाशातून नेटचे सिग्नल काढणाऱ्या, डबीत शिरते. बऱ्याच घरांत ओएनयू आणि राउटर एकाच डबीत असतात. डबीवरचा 'एलओएस'चा लाल दिवा लागला की प्रकाश पोचत नाही असं समजायचं आणि मोबाइल-लॅपटॉपला हात न लावता आधी केबल बघायची. आमच्याकडे बरेचदा ती माकडांनी ओढलेली असते, नाहीतर तिच्यावर माडाची झावळ पडलेली असते. प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर उणे 19-20 डीबीएम दिसले की निश्चिंत व्हा, उणे 27 च्या खाली गेलं की नेट येतं-जातं. तीन डीबी घटले म्हणजे प्रकाश निम्मा झाला. हे लक्षात राहिलं की पडवीच्या कोपऱ्यात खिळ्याला काटकोनात दुमडलेली केबल का चालत नाही ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

घरातली तांब्याची केबल हे दुसरं काम. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ओटीवर मांडी घालून हा क्रम मी इतक्या वेळा लावलाय की आता बोटंच तो लावतात. आठही तारा नखाने सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या आणि टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये सरकवून समोरून बघायचं: आठ तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत. बाहेरचं निळं वेष्टणही क्लिपच्या आत गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर ओढ थेट बारीक तारांवर येते. समुद्राजवळच्या घरात खारी हवा लागून क्लिपची टोकं हिरवट पडतात, तेव्हा तक्रार आली तर जुनी क्लिप कापून नवी लावून बघायला लाजू नका.

जांभ्याच्या जाड भिंतींचं एक सांगून ठेवतो. ओटीवरच्या राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं वायफाय माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जवळजवळ पोचतच नाही. 2.4 पोचतं, पण हळू. मोठ्या अँटेनाचा राउटर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका. आतल्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारी आणखी एक डबी, लावा. आणि घरापासून आंब्याच्या पॅकिंग शेडपर्यंत तांब्याची केबल नेऊ नका, वळवाच्या पावसात वीज कडाडली की दोन्हीकडची उपकरणं जातात. तिथे फायबरच हवी.

आता पत्त्यांकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'वरचं घर', 'खालचं घर' ही नावं आपल्याकडे प्रत्येक वाडीत असतात. वाडीत तेवढं पुरतं. बाहेरून पत्र यायचं तर गाव, पोस्ट, तालुका लिहावा लागतो. 192.168 ने सुरू होणारे पत्ते असेच घरापुरते असतात. माझ्या घरात 192.168.1.5 आहे तसा तुमच्याही घरात असेल, भांडण नाही. बाहेर जाताना राउटर सगळ्यांना एकाच बाहेरच्या पत्त्याने पाठवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो, याला नॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण 430 कोटीच असल्यामुळे ही सोय करावी लागली. आता तर अनेक कंपन्या एकाच बाहेरच्या पत्त्यावर पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर 100.64 ते 100.127 ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तुमचं घर त्यातलं.

घरातल्या मोबाइलला पत्ता देणारा तो डीएचसीपी. नावावरून पत्ता सांगणारा तो डीएनएस. तक्रार आली की मी तीनच पिंग मारतो, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघतो. पहिला राउटरला, 192.168.1.1. तो आला नाही तर घरातच घोटाळा. दुसरा गूगलच्या डीएनएसला, 8.8.8.8. तो आला नाही तर बाहेरची लाइन. तिसरा एखाद्या साइटच्या नावाला. पहिले दोन येतात आणि नावाचा येत नाही, तर डीएनएस. या तीन पायऱ्या पाठ झाल्या की निम्मं काम हातात येतं.

पण त्या पावसाळ्यात तिन्ही पिंग नीट येत होते.

तारकर्लीजवळच्या एका होमस्टेवाल्या काकूंचा फोन आला. पाहुणे तक्रार करत होते की कुठलीही साइट उघडली की भलत्याच जाहिराती येतात. मी फोनवरच सांगितलं, त्यांच्या मोबाइलमध्ये काहीतरी असेल. दोन दिवसांनी परत फोन. या वेळी काकूंचा मुलगा बोलत होता. बँकेची साइट उघडताना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा येतोय, पुढे जाऊ का? मी नको म्हटलं आणि भर पावसात गाडी काढली. काकू दारातच म्हणाल्या, "तूच लावलंस मां, आता तूच बघ."

राउटर उघडला. वेग ठीक, प्रकाश ठीक, पिंग ठीक. डीएनएसच्या पानावर पहिल्या रकान्यात एक अनोळखी आकडा होता. आमच्या कंपनीचा नव्हे, मी टाकलेला नव्हे. दुसऱ्या रकान्यात मात्र 8.8.8.8. म्हणजे घरातला प्रत्येक मोबाइल 'बँक कुठे आहे' हे आधी एका परक्याला विचारत होता, आणि तो सांगेल तिकडे जात होता. दुसरा आकडा खरा ठेवलेला, म्हणजे पहिला बंद पडला तरी नेट चालू राहावं आणि कोणाला संशय येऊ नये. त्या पानाकडे बघताना माझे हात गार पडले होते. मुलाने इशारा बघून थांबायचं ठरवलं म्हणून पैसे वाचले. दुसऱ्या कुणी 'पुढे जा' दाबलं असतं.

घरी येऊन वाचत बसलो. 2016 च्या अखेरीस कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने 'स्विचर' नावाच्या अँड्रॉइड व्हायरसची माहिती दिली होती. तो मोबाइलचं फारसं काही बिघडवत नाही. मोबाइल ज्या वायफायला जोडला जाईल त्या राउटरवर ठरावीक नावं-पासवर्ड घालून बघतो आणि आत शिरला की डीएनएस बदलतो, दुसऱ्या रकान्यात 8.8.8.8 ठेवून. काकूंकडे हेच होतं की याचा एखादा भाऊबंद, ते मी सिद्ध करू शकलो नाही. पण मी धरून चाललो होतो की बाहेरचा पत्ता सामायिक आहे, म्हणजे बाहेरून राउटरला कोणी हात लावू शकत नाही, म्हणजे आपण सुरक्षित. पाहुण्याचा मोबाइल आतच असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तोच पासवर्ड बाकीच्या घरांतही होता.

मग श्रावणात मी एकेक घर पुन्हा केलं, पैसे न घेता. काय केलं ते सांगतो.

आधी राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड, प्रत्येक घराला वेगळा. त्याच बैठकीत डीएनएस तपासला, कंपनीचं नवं फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, असेल तर घातलं आणि बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद केली. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद केलं. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत सगळे पर्याय संपतात. 2011 पासून हे जगजाहीर आहे.

मग वायफायचा पासवर्ड. 2004 पासूनच्या डब्ल्यूपीए 2 या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत मोबाइल जोडला जातानाची देवाणघेवाण कोणी रस्त्यावरून टिपली, तर पुढचे अंदाज तो आपल्या घरी बसून तपासू शकतो. राउटरला सुगावाही लागत नाही. आपले मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात, म्हणजे पर्याय झाले 400 कोटी. आकडा मोठा वाटतो, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज तपासतं. तासा-सव्वा तासाचं काम. हा हिशेब मी एका बागायतदारांना त्यांच्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवला, तेव्हा त्यांनी लगेच पासवर्ड बदलायला घेतला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, फणस-कंदील-सोमवार-होडी असे. लक्षात राहतात आणि अंदाजात सापडत नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए 3 असेल तर तेच निवडा, त्यात अशी घरी बसून तपासणी चालत नाही.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं. ते चालू करून थांबू नका. पाहुण्याच्या मोबाइलवरून 192.168.1.1 उघडून बघा. उघडलं तर गेस्ट नावालाच आहे. गणपतीत चाकरमानी आले की एका घरात पंचवीस मोबाइल होतात, तेव्हा हे वेगळेपण फार उपयोगी पडतं. वायफायचं नाव लपवणं किंवा मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळख-क्रमांकांची, यादी करणं यावर मी वेळ घालवत नाही. लपवलेलं नाव सहज दिसतं, आणि नवे मोबाइल वायफायसाठी स्वतःहून बनावट मॅक वापरतात.

कॅमेऱ्यांबाबत मात्र हट्ट धरा. आंब्याच्या बागेतला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, मुंबईहून दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून देणं सोपं असतं. 2016 मध्ये 'मिराई' या घातक प्रोग्रॅमने साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरचे असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास कोलमडल्या. त्यातला कुठलाही कॅमेरा 'हॅक' झाल्यासारखा दिसत नव्हता, आपलं चित्र दाखवतच होता. म्हणून डीव्हीआरचा पासवर्ड बसवताक्षणी बदला, यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय, बंद करा, पोर्ट उघडू नका.

शिकायचं कशावर? सिस्को या नेटवर्क कंपनीचं पॅकेट ट्रेसर सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात खोटं नेटवर्क उभारून मोडता येतं. सिस्कोचीच सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा लगेच देऊ नका, पण तिचा अभ्यासक्रम हाताशी ठेवा. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं वायरशार्क उघडून स्वतःच्या लॅपटॉपची डीएनएस विचारणा एकदा डोळ्यांनी बघा, माझ्यासाठी सगळं तिथे जुळलं. हे प्रयोग स्वतःच्याच नेटवर्कवर करा. शेजाऱ्याचं वायफाय फोडून बघणं हा आयटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ज्या घरात तुम्हाला विश्वासाने आत घेतात तिथे तर तो विचारही नको. कोणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून द्या. लवकर कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येते.

त्या फेरीतलं शेवटचं घर जामसंड्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं होतं. मी सगळं समजावलं आणि सवयीने नवा पासवर्ड टाकायला लॅपटॉप पुढे ओढला. त्यांनी तो हळूच स्वतःकडे फिरवला, चष्मा लावला आणि म्हणाले, "मी टाकतो. तू जरा तोंड तिकडे कर."

मी खळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. बराच वेळ लागला त्यांना.