कराटेचा काता शिकताना या चुका टाळा: हात चुकला की आधी पाय तपासा

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका. हेइआन शोदान या काताच्या २१ हालचालींचा क्रम पाठ होणं फारसं अवघड नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. क्रम बरोबर येतो, पण पंच डळमळतो, वळताना तोल जातो आणि काता संपवून थांबावं तर आपण सुरुवातीच्या जागेपासून दोन पावलं लांब. मग बहुतेक जण हात सुधारत बसतात. हातात दिसणारी चूक बऱ्याचदा पायात सुरू झालेली असते, म्हणून शोधही तिथूनच सुरू करावा. इथे शोतोकान या कराटे शैलीचीच उदाहरणं घेतली आहेत.

दोन्ही पाय एका रेषेत येणं

नवशिक्यांची ही सर्वांत मोठी चूक. झेंकुत्सु दाचीत (पुढे वजन ठेवून उभं राहण्याचा पवित्रा, म्हणजे स्टान्स) पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागची टाच जमिनीला टेकलेली आणि सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायावर असतं. लांबीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, रुंदी मात्र विसरली जाते. समोरून पाहिलं तर दोन पावलांत साधारण खांद्यांएवढं अंतर दिसलं पाहिजे. नाहीतर दोरीवर उभं राहिल्यासारखी अवस्था होते आणि बाजूने कुणी हलकेच ढकललं तरी माणूस हलतो.

ही रुंदी नेमकी वळताना हरवते. तिसरी हालचाल घ्या. उजव्या पायाने ओई झुकी (पाऊल पुढे टाकत त्याच बाजूच्या हाताने मारायचा पंच) मारून झालीय आणि आता उजवीकडून १८० अंशांत वळून गेदान बराई (खालचा वार अडवणारा ब्लॉक) करायची आहे. इथे उजवा पाय नुसता मागे नेऊन भागत नाही. तो डाव्या पायाची रेषा ओलांडून पलीकडे, पुरेसं अंतर ठेवून टाकावा लागतो. तसा टाकला नाही तर पाय एका रेषेत येतात, कंबर पूर्ण फिरत नाही आणि ब्लॉक अर्धवट राहतो. आपण मात्र ब्लॉकलाच दोष देतो.

सुरुवातीच्या जागी परत न येणं

जमिनीवर खडूने खूण करा आणि काता तिथून सुरू करा. शेवटी खुणेच्या पुढे किंवा मागे आलात, तर पावलांची लांबी बदलतेय. तीन आगे उके (हात वर नेऊन करायचे ब्लॉक) करत पुढे जाताना अंगात जोर असतो, तीन ओई झुकी मारत परत येताना स्टान्स आखूड पडतो. डावी-उजवीकडे सरकला असाल, तर वळणं तपासा, विशेषतः २७० अंशांची दोन.

कोकुत्सु दाचीत पुढे झुकणं

कोकुत्सु दाची म्हणजे मागे वजन ठेवायचा स्टान्स. शेवटच्या चार शुतो उके (उघड्या तळहाताच्या कडेने करायचे ब्लॉक) याच स्टान्समध्ये आहेत. वजन सुमारे ७० टक्के मागच्या पायावर हवं. पडताळा सोपा आहे: शरीर न हलवता पुढचं पाऊल उचलून बघा. उचललं गेलं नाही, तर वजन पुढे आहे. मागचा गुडघा आत कोसळू देऊ नका. तो पायाच्या बोटांच्या दिशेने बाहेर दाबून ठेवा.

पाऊल टाकताना वर उठणं

बाजूने व्हिडिओ काढा. पाय एकमेकांजवळ येतात तेव्हा डोकं वर जात असेल, तर गुडघे सरळ होताहेत.

पाय पोहोचण्याआधी हात संपणं

ओई झुकीत पाय अर्ध्या वाटेवर असतानाच मूठ पुढे गेली, तर त्या पंचात शरीराचं वजन उरत नाही. मागचा पाय उभ्या पायाजवळ येईपर्यंत मूठ कमरेवरच राहू द्या. हिकितेचा, म्हणजे पंच मारताना मागे ओढायचा, हात कमरेशी नीट ओढला जातोय का आणि कोपर बाहेर फाकत नाही ना, हेही बघा. ९व्या आणि १७व्या हालचालीची किआई (जोरदार आरोळी) तंत्र पूर्ण होतं त्याच क्षणी हवी. बरेच जण ती पाऊल उचलतानाच देऊन टाकतात.

यावर मला सर्वांत उपयोगी वाटतो तो सराव असा: दोन्ही हात कमरेवर ठेवून संपूर्ण काता फक्त पायांनी करा. तोल कुठे जातो ते लगेच कळतं. ते वळण सुटं काढून घोटा, मग हात जोडा.

वेगवेगळ्या शैलींचे व्हिडिओ बघून शिकणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शिक्षक आन्को इतोसू यांनी जपानमधल्या ओकिनावातल्या शाळांमध्ये पिनान काता आणले. पुढे शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी त्यांना हेइआन म्हटलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली. त्यामुळे 'पिनान शोदान' शोधून हेइआन शोदान शिकायला बसलात, तर भलताच काता हाती लागेल. स्टान्सची लांबी-उंचीही शैलीनुसार बदलते. एकच शैली धरा आणि शंका असेल तिथे आपल्या सेन्सेईंचा (शिक्षकांचा) शब्द अंतिम माना.

गुडघेदुखी सहन करत खाली बसणं

सरावात गुडघा दुखला तर थांबा. पुढचा गुडघा बोटांच्या दिशेतच आहे ना आणि वळताना पाऊल जमिनीला चिकटून नुसता गुडघा पिळला जात नाही ना, हे पाहा. दुखणं थांबल्यावर सुरुवात उंच, आखूड स्टान्सने करा. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा आणि सेन्सेईंना सांगा.