लिक्विड कूलर असूनही प्रोसेसर तापतो? माझा अनुभव

गेम सुरू केला की प्रोसेसर काही सेकंदांत ९५ अंशांवर जायचा, मग ७० वर उतरायचा, पुन्हा वर. खेळ मध्येच अडखळायचा. लिक्विड कूलरमध्ये पंप पाणी फिरवतो, ते प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथे पंख्यांच्या हवेने गार होतं. माझ्या रेडिएटरचे पंखे जोरात फिरत होते, पण त्यातून येणारी हवा गारच! मला खरा धागा तिथे सापडला. प्रोसेसर भाजतोय आणि रेडिएटर थंड, म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही किंवा पाणी फिरत नाही. पाणी तापायला वेळ लागतो. रेडिएटर अपुरा असता तर तापमान हळूहळू चढलं असतं, असं उसळलं नसतं.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती उष्णता वाहून नेणारी पेस्ट, आधी बदलली. थोडाच फरक पडला.

मग प्रोसेसरवर बसवलेल्या पंपाला कान लावला. आत खळखळ. कूलरमध्ये थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जमते. माझा रेडिएटर कॉम्प्युटरच्या केसच्या (बाहेरच्या पेटीच्या) तळाशी होता, त्यामुळे ती जागा म्हणजे नेमका पंप. रेडिएटर वरच्या बाजूला बसवला, केस सावकाश पुढे-मागे कलती केली, खळखळ थांबली. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) पंपाचा वेग तापमानानुसार कमी-जास्त होत होता, तो कायम शंभर टक्क्यांवर ठेवला.

आता त्याच गेममध्ये तापमान ७० च्या आसपास टिकतं. ब्राउझर उघडताना क्षणभर दहा-पंधरा अंशांची उडी दिसते, पण आजकालच्या प्रोसेसरमध्ये ते अगदी नेहमीचं आहे. त्यासाठी काही उघडत बसू नका.