आरसा लावताना या चुका टाळा

आरशात पाय अकारण लांब दिसतात, चेहरा काळवंडलेला वाटतो किंवा पूर्ण उंची मावतच नाही, अशी तक्रार असली की घरोघरी नवा आरसा आणण्याचे ठरते. वास्तविक दोष बहुधा काचेत नसून ती लावण्याच्या पद्धतीत असतो.

उंची मावत नाही म्हणून मागे सरकणे व्यर्थ आहे. प्रतिबिंबही आरशामागे तितकेच दूर जाते आणि लागणारी काच उंचीच्या निम्मीच राहते. 160 सेंमी उंचीच्या, जमिनीपासून 150 सेंमीवर डोळे असलेल्या व्यक्तीला 80 सेंमीचा उभा आरसा पुरतो. मात्र त्याची खालची कड 75 सेंमीवर आणि वरची 155 सेंमीवर हवी. कुटुंबासाठी खालची कड सर्वांत बुटक्या व्यक्तीच्या आणि वरची सर्वांत उंच व्यक्तीच्या मापाने ठरवावी.

जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवलेला आरसा 5 अंश मागे कलला असेल, तर प्रतिबिंब 10 अंशांनी मागे झुकते. डोके दूर गेल्याने लहान आणि पाय त्या मानाने लांब दिसतात. हे मनाला सुखावते खरे, पण निऱ्यांची उंची पारखायला असा आरसा कुचकामी आहे. शेजारी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडला की कल लगेच कळतो.

याहून फसवी चूक म्हणजे वाकलेली काच. इंदूरमध्ये राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत भिंतीचा गिलावा अनेकदा उंचसखल असतो. अशा भिंतीवर पातळ आरसा चारही कोपऱ्यांना स्क्रूने आवळला, की काच भिंतीचा आकार घेते. उभ्या दिशेने तिचा मध्य आत गेला तर माणूस ताणल्यासारखा उंच दिसतो, बाहेर आला तर ठेंगणा. काचेवर वरपासून खालपर्यंत दोरा ताणून धरावा: मध्ये फट दिसली तर काच आत दबलेली आहे, दोरा मध्येच टेकून टोकांशी फट राहिली तर ती फुगलेली आहे. स्क्रू सैल करून रबरी वॉशर घालावेत. तरीही फरक न पडल्यास 5 मिमी जाडीची काच घ्यावी.

पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा अंधारात जातो, आणि डोक्यावरचा एकच दिवा डोळ्यांखाली सावल्या पाडतो. प्रकाश दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याच्या उंचीवर असावा. पिवळ्या दिव्याखाली महेश्वरी साडीचा रंग पारखू नये, हे वेगळे सांगायला नको.

इंदूरच्याच इतवारिया बाजारातील काच मंदिर या जैन मंदिरात आरशांमुळे मूर्ती अनेकपटींनी दिसतात, ती तेथील योजनाच आहे. शयनगृहात मात्र कपाटाचा आरसा भिंतीवरील आरशासमोर आला की प्रतिमांची गर्दी होते. समोरासमोर न लावता दोन आरसे काटकोनात कडेला कड भिडवल्यास, इतरांना दिसतो तसा, डावे-उजवे न बदललेला चेहरा दिसतो. त्यात नाक मधोमध चेपलेले किंवा पसरट दिसले, तर कोन 90 अंशांचा झालेला नाही असे समजून एक आरसा किंचित फिरवावा.