मीटर १२.६ दाखवतो, तरी सेल्फ फिरत नाही

रावेरकडे केळीच्या कापणीच्या ऐन गर्दीत ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता टक्-टक् करू लागला. बॅटरी गेली, नवी घ्या, असं सगळ्यांचं मत. मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. पण हा आकडा निवांत असलेल्या, प्रवाह न देणाऱ्या बॅटरीचा: सहा घट, प्रत्येकाचं विद्युतगामक बल (प्रवाह वाहत नसतानाचा व्होल्टेज) सुमारे २.१ व्होल्ट. सेल्फ दोनशेच्या आसपास अँपिअर ओढतो, तेव्हा प्रवाह गुणिले आंतरिक रोध (बॅटरीचा स्वतःचा आतला अडथळा) इतके व्होल्ट आतच खर्ची पडतात. उरतो तो अग्रांवरचा, म्हणजे बॅटरीच्या खुंट्यांवरचा व्होल्टेज, आणि मोजायचा तोच.

पुतण्याला चावी मारायला लावली. मीटरची टोकं शिशाच्या खुंट्यांवर: ११.२. एक टोक पॉझिटिव्ह खुंटीवरून तिच्यावर बसवलेल्या तारेच्या क्लॅम्पवर सरकवलं: ७ च्या जवळ! म्हणजे घट ठणठणीत. चार व्होल्ट खात होता खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मधला पांढरा क्षार. एवढ्या प्रवाहाला ०.०२ ओहमसुद्धा पुरतो.

निगेटिव्ह तार आधी सोडली. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतलं (सोडा घटात जाता कामा नये), पॉलिश पेपरनं घासलं, क्लॅम्प आवळून वर व्हॅसलीन. पहिल्याच चावीला इंजिन सुरू. खुंट्यांवरच आकडा ७ वर आला असता, तर मात्र बॅटरीच बदलली असती.