उपाशी म्हणजे नक्की किती उपाशी?

"ताई, रात्रीपासून काही नाही खाल्लं. सकाळी फक्त खिचडी." हार्मोन मोजण्याच्या प्रकल्पात माझ्या पहिल्याच महिन्यात, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या एका स्वयंसेवकानं हे अगदी निरागसपणे सांगितलं. दिवस एकादशीचा. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी फोनवर "उद्या उपवास करून या" असं मीच म्हटलं होतं, आणि आपल्याकडे साबुदाणा उपवासालाच चालतो! सकाळ वाया गेली. बर्फात लावून ठेवलेल्या नळ्या पुन्हा आत गेल्या.

मग मी "काहीही घ्यायचं नाही" असं बजावायला लागले. तर पंचवटीतले एक काका थेट निर्जळी करून आले, तेही ऐन जानेवारीत. निफाडचा पारा पेपरात छापून येतो ते दिवस. पाणी नाही, त्यात गारठा, त्यामुळे शीर कुठे सापडेना. शेवटी सिस्टरनी गरम पाण्याची पिशवी हाताला बांधून बसवलं, तेव्हा कुठे कॅन्युला (रक्त घेण्यासाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) गेली. तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं आहे: "रात्री नऊनंतर फक्त साधं पाणी, आणि ते भरपूर." चहा, बडीशेप, मिश्री, तंबाखू यांची नावं वेगळी घ्यावी लागतात. मिश्रीला खाणं समजत नाहीत, पण निकोटिन शरीरात जातंच.

मी एम.एससी. बायोकेमिस्ट्री करून नाशिकमध्येच एका छोट्या प्रकल्पावर सहायक म्हणून लागले. निरोगी माणसांच्या आतड्यातली आणि स्वादुपिंडातली हार्मोन्स मोजायची, एवढंच काम. मला वाटलं होतं, दिवसभर मशीनसमोर बसायचं असेल. पण खरं काम नळी मशीनजवळ पोचण्याआधीच झालेलं किंवा बिघडलेलं असतं. याच कामाला येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

मोजायचं काय, ते आधी समजून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला द्यायचं आणि शून्य, १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी रक्त घ्यायचं. त्यात मोजायची हार्मोन्स चार: स्वादुपिंडातून साखर उतरवणारं इन्सुलिन आणि चढवणारं ग्लुकागॉन, आतड्यातून जीआयपी आणि जीएलपी-१. रक्तातली साखर तेवढीच चढेल असं ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन बरंच कमी सुटतं, तोंडावाटे दिलं तर जास्त. हे १९६४ मध्येच दिसलं होतं. आतडं स्वादुपिंडाला आगाऊ निरोप धाडतं, तो जीआयपी आणि जीएलपी-१ या दोन हार्मोन्समार्फत. हल्ली वजन उतरवणारी जी इंजेक्शनं गाजताहेत, त्यातलं सेमाग्लुटाइड जीएलपी-१ चीच नक्कल आहे. त्यामुळे आता घरी कामाबद्दल विचारलं तर समजावणं सोपं जातं.

इन्सुलिनच्या जोडीला सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना सुटा होणारा तुकडा) का मोजतात, हा मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न. स्वादुपिंडातून दोन्ही सारख्याच प्रमाणात सुटतात. पण इन्सुलिनचा साधारण अर्धा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेतं, सी-पेप्टाइडला फारसा हात लावत नाही. म्हणून हाताच्या शिरेतलं इन्सुलिन म्हणजे तयार झालेलं इन्सुलिन नव्हे; त्याचा अंदाज सी-पेप्टाइडवरून येतो.

"निरोगी माणसाचं काय मोजायचं?" असं स्वयंसेवकही विचारतात. आजाऱ्याचा आकडा कशाशी ताडून बघणार, हे एक उत्तर. दुसरं आपल्या मातीतलं आहे. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं दाखवलं की आपली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कमी असूनही अंगावर चरबी राखून असतात आणि त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त असतं. म्हणजे परदेशी पुस्तकातला 'नॉर्मल' इथे जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आता नळीबद्दल. जीएलपी-१ रक्तात पिकोमोलमध्ये (मिलिमोलचा अब्जावा भाग) असतो. साखर मिलिमोलमध्ये. हिशेब केला तर उपाशीपोटी जीएलपी-१ च्या एका रेणूमागे साखरेचे पन्नास कोटींच्या आसपास रेणू असतात. त्यात रक्तातलं डीपीपी-४ नावाचं एन्झाइम जीएलपी-१ ला तोडतं आणि शरीरात दीड-दोन मिनिटांत निम्म्यावर आणतं. म्हणून नळीत डीपीपी-४ रोखणारं द्रव्य आधीच असावं लागतं, रक्त घेतल्यावर टाकून उपयोग नाही. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची (घुसळायची नाही), लगेच बर्फात रोवायची, चार अंशांवर सेंट्रिफ्यूज करायची (वेगानं फिरवून पेशी खाली बसवायच्या) आणि वर राहिलेला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवायचा. एकाच मोठ्या ट्यूबमध्ये ठेवलात तर प्रत्येक चाचणीला ती वितळवावी लागते आणि नमुना बिघडू शकतो.

ते द्रव्य आम्ही आदल्या संध्याकाळी पिपेटनं नळ्यांत घालून ठेवायचो. एकदा माझी एक अख्खी रांग सुटली. नळी तीच, झाकण तेच, आतल्या थेंबाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. निकाल आले तेव्हा त्या माणसाची साखर नीट चढलेली, इन्सुलिन चढलेलं, आणि जीएलपी-१ ची रेघ जमिनीला चिकटलेली. दोन दिवस मी काहीतरी नवं सापडल्याच्या थाटात वावरत होते! तिसऱ्या दिवशी बाटलीतलं उरलेलं द्रव्य मोजलं, ते जास्त भरलं. आता द्रव्य घातलेल्या नळीच्या झाकणावर तेव्हाच मार्करनं टिंब देते. एक नळी, एक टिंब, आणि तोवर कुणाशीही बोलायचं नाही.

सिरिंज जोरात ओढली की तांबड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी दिसतो. त्या पेशींमधलं एन्झाइम इन्सुलिन खातं. असा नमुना वहीत लिहून बाजूला काढा. रक्त काढणाऱ्या व्यक्तीशी भांडू नका, त्यांच्याशी सख्य ठेवा. तुमचा अर्धा प्रबंध त्यांच्या हातात असतो.

वासाची गोष्ट मात्र मला कुठल्याच पुस्तकानं आधी सांगितली नव्हती. आमच्या खोलीची खिडकी कँटीनकडे उघडायची. साडेआठला मिसळीची तर्री उकळायला लागली की बारा तास उपाशी माणसाची मान आपोआप तिकडे वळायची. घास पोटात जायच्या आधीच, नुसत्या वासानं, दर्शनानं किंवा चघळण्यानं व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूतून पोटाकडे जाणारी नस) स्वादुपिंडाला वर्दी जाते आणि त्याचं पँक्रिॲटिक पॉलिपेप्टाइड नावाचं आणखी एक हार्मोन वाढू शकतं. आम्ही खिडकी बंद केली, आणि कर्मचाऱ्यांनी खोलीत डबा उघडायचा नाही असा नियम केला. नियम मोडणारी पहिली मीच, हेही सांगून टाकते.

एलायझाबद्दल, म्हणजे हार्मोन मोजायच्या चाचणीबद्दल, थोडक्यात. प्लेटला ९६ विहिरी. स्टँडर्ड आणि कंट्रोल (ज्यांचं प्रमाण आधीच माहीत असतं ते नमुने) दुहेरी, म्हणजे दोन-दोन विहिरींत, लावल्यावर आमच्या किटमध्ये ३८ नमुने दुहेरी बसायचे, म्हणजे प्रत्येकी सहा नमुन्यांचे सहा लोक. उरलेल्या दोन जागा सातव्या माणसाच्या नमुन्यांनी भरायचा मोह होतो. नका भरू. एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर हवेत, नाहीतर प्लेटमधला फरक त्याच्या शरीरातला वाटतो. किट 'एकूण' जीएलपी-१ मोजतं की फक्त 'ॲक्टिव्ह' (डीपीपी-४ नं अजून न तोडलेला), हे माहितीपत्रकात वाचा. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि स्वयंसेवकाला केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हे जरूर विचारा. काही किटमध्ये त्यानं आकडा सरळ खोटा येतो. "औषध चालू आहे का?" या प्रश्नाला त्याचं उत्तर "नाही" असंच येतं, कारण केसांची गोळी कुणी औषधात धरत नाही.

संमतीपत्र मराठीत असेल, पण तुम्ही ते एकदा मोठ्यानं वाचून बघा. आमचा पहिला मसुदा ऐकून माझ्या आईनं "हे कोर्टाचं आहे का?" असं विचारलं होतं. "माझा रिपोर्ट कधी?" हा प्रश्न प्रत्येक जण करतो. साखरेचा आकडा सांगता येतो, जीएलपी-१ च्या आकड्यावरून त्या माणसाला काहीच सल्ला देता येत नाही, आणि हे कॅन्युला लावण्याआधी सांगायचं असतं, निघताना नव्हे.

नोकरी घेताना पगाराबरोबर एक चौकशी नक्की करा: उणे ८० चा फ्रीझर जनरेटरवर आहे का? मी केली नव्हती. जूनमधल्या पहिल्या वादळात रात्री वीज गेली आणि फ्रीझर जनरेटरला जोडलेलाच नाही हे तेव्हा कळलं. दार न उघडता चार तास काढले, मग ओळखीतून ड्राय आइस मिळवला आणि पहाटे तीनला मोबाइलच्या उजेडात खोके हलवले. नमुने वाचले. पुढच्या आठवड्यात इलेक्ट्रिशियननं वायर ओढली, त्याला अर्धा तास लागला.