शाळा सुटताना व्हॅन मागे घ्यावीच लागू नये म्हणून

इंदुरात रामबाग, राजवाड्याकडच्या जुन्या गल्ल्यांत शाळेला फाटक एकच असलं, की सुटायच्या वेळी व्हॅन, ई-रिक्षा आणि पायी निघालेली मुलं एकाच वाटेवर येतात. खरा धोका गाडी मागे घेताना: पहिली-दुसरीतलं मूल मागच्या काचेखालीच राहतं, आरशातही दिसत नाही.

१. घंटेच्या १५ मिनिटं आधी, मैदान रिकामं असताना, सगळ्या गाड्या आत घेऊन फाटकाकडे तोंड करून लावायच्या. इंजिन बंद, किल्ली चालकाच्या खिशात.

२. भिंतीच्या कडेने दीड मीटर वाट सोडून फक्कीची रेघ मारा. पायी जाणारी मुलं आधी सोडा, रेघेच्या आतूनच.

३. व्हॅनची मुलं नंतर. सगळी बसली, दारं लागली, की शिक्षकाने शिट्टी द्यायची. त्याआधी एकही चाक हलता कामा नये.

पावसाळ्यात फक्की धुऊन जाते. तेव्हा मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर दोर बांधा, त्याला रंगीत चिंध्या लावा, नाहीतर पळत येणारं मूल अडखळतं.

उशिरा आलेली व्हॅन मात्र आत घेऊ नका, चालक कितीही ओळखीचा असो. ती बाहेरच थांबवून मुलांना शिक्षकाने हात धरून तिथवर न्यावं.