औदुंबरला साधनेसाठी चार दिवस जाताय? या चुका टाळा

आमचं घर सांगलीत असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन ठरलेले असतात. "जरा शांत जागा सुचव रे, नदीकाठची. योगा, ध्यान, मोबाइल बंद. चार दिवस." पूर्वी मी लगेच औदुंबर सांगून मोकळा व्हायचो. आता आधी पाच मिनिटं बोलून घेतो, कारण परतल्यावर ऐकून घ्यायची वेळ माझ्यावरच येते.

पहिली चूक घरूनच सुरू होते. डोक्यात ऋषीकेश असतं. योगशाळा, वेळापत्रक, शिकवणारे गुरुजी, साडेसातला नाश्ता. औदुंबर तसं नाही. पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं हे छोटं दत्तस्थान. दत्ताचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींनी इथं एक चातुर्मास केला, मग ते नरसोबाच्या वाडीला गेले. त्यांच्या मागे राहिल्या त्या विमल पादुका. दिवस चालतो तो काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत, देवाच्या घड्याळावर. आसनं शिकवायला कुणी येणार नाही. पहिल्यांदाच योग शिकायचा असेल तर सरळ लोणावळ्याला कैवल्यधामात जा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली संस्था आहे, तिथं पद्धतशीर शिकवतात. येतं तेवढं एकट्यानं करायचं असेल तर औदुंबरसारखी जागा नाही.

दुसरी चूक तारखेची. लोक सुट्टी बघून येतात आणि नेमकी पौर्णिमा गाठतात. दत्तजयंती, गुरुपौर्णिमा, गुरुद्वादशी, माघातली गुरुप्रतिपदा, झालंच तर प्रत्येक गुरुवार आणि रविवार. या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसते. दर्शन घ्यायचं असेल तर गर्दीतही मजा आहे, ध्यानाला मात्र सोमवार ते बुधवार धरा. खोलीचं आधी फोन करून विचारा. काही निवासांत एकट्या माणसाला खोली देताना कुरकुर होते, ओळखपत्र लागतंच. आणि मच्छरदाणी आणा. नदीकाठचे डास ध्यान करणाऱ्याला सोडत नाहीत.

पावसाळ्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं शहाणी माणसंही फसतात. जुलै-ऑगस्टमध्ये औदुंबरात ऊन पडलेलं असतं, पाऊस नावाला, आणि तरी नदी पायऱ्या चढत येते. हे पाणी इथल्या पावसाचं नसतंच मुळी. महाबळेश्वर, कोयना या पट्ट्यात धो धो कोसळतो. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. तिथून विसर्ग वाढला की ते पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि खाली आमच्याकडे येतं. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं इथला कुणीही न अडखळता सांगेल. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, यावरून अंदाज करा. औदुंबरला अशा वेळी पाणी थेट मंदिरात शिरतं. म्हणून पावसाळ्यात निघताना इथलं आभाळ बघू नका, कोयनेचा विसर्ग आणि आयर्विनची पातळी बघा. पाणी चढायला लागलं तर "अजून एक रात्र काढू" म्हणायचं नाही, बॅग भरायची. रस्ते एकेक करून बंद होतात, आणि बंद झालेला रस्ता कधी उघडेल हे फक्त नदीला माहीत.

आता मगर. पाहुण्यांना ही गोष्ट थट्टा वाटते. दोन हिवाळ्यांमागे पुण्याचा एक मित्र पहाटे टॉवेल खांद्यावर टाकून घाटावर निघाला. पाण्यावर धुकं, पलीकडं उसाचं रान, सगळं चित्रासारखं. पायऱ्यांवर एक मावशी भांडी घासायच्या तयारीत उभ्या होत्या. त्यांनी याच्याकडं पाहिलं, मग पलीकडच्या काठाकडं बोट केलं.

"त्यो ओंडका दिसतोय न्हवं?"

"हो."

"त्यो ओंडका न्हाई."

मित्र टॉवेलसकट खोलीवर परत. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर हा पट्टा मगरींचाच. माणसांवर हल्लेही झालेत. हिवाळ्यात त्या ऊन खात काठावर पडलेल्या असतात, तेव्हा निदान दिसतात तरी. फेब्रुवारीपासून मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. या दिवसांत ती जास्त चिडकी असते. त्यामुळे पहाटे अंधारात किंवा तिन्हीसांजेला पाण्यात उतरून जप, कमरेएवढ्या पाण्यात सूर्याला अर्घ्य, पोहणं, हे सगळं रद्द. स्नान खोलीवरच्या बादलीत करा आणि घाटावर बसा ते वरच्या पायरीवर. पुण्य कमी पडत असेल तर पुजाऱ्यांकडून तीर्थ घ्या.

घाटावरून आठवलं, योगा मॅट. हाच मित्र दुसऱ्या दिवशी पाचला उठला आणि औदुंबराच्या झाडाभोवती सपाट जागा दिसली म्हणून तिथं मॅट पसरून शवासनात गेला. ती प्रदक्षिणेची वाट. थोड्या वेळानं डोळे उघडले तर चार-पाच माणसं थबकलेली, आणि पुढं एक आजी हात जोडून. "बाळा, तुझं अंथरूण जरा सरकव, माझ्या अकरा राहिल्यात." कुणी रागावलं नाही, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आसनं खोलीत किंवा गच्चीवर करावीत, देवळाच्या आवारात फक्त बसावं. आवाज नसलेला जप कुठंही चालतो.

जेवणाचाही घोळ होतो. दुपारी प्रसादाचं पोटभर जेवून चारला आसनांना बसलं की मळमळतं. तीन-साडेतीन तासांचं अंतर हवं. याच्या उलट काहीजण उत्साहात कडक उपास धरतात आणि वर पहाटे कपालभातीचे शंभर स्ट्रोक मारतात. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कपालभाती करू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास करू नये. चक्कर आलीच तर आधी आडवं व्हा. साखर उतरल्यासारखं वाटलं तर गूळ किंवा साखर तोंडात टाका. नेम नंतर बघता येतो.

गुरुचरित्राचं पारायण हा वेगळाच विषय. "आलोच आहोत तर वाचून काढू" म्हणून दोन दिवसांत गुंडाळणारे मी पाहिलेत. ५२-५३ अध्याय, ओवीबद्ध, जुनी मराठी. सप्ताह करायचा तर सात दिवस लागतात. अनेक पोथ्यांतल्या क्रमात पहिल्या दिवशी नऊ आणि दुसऱ्या दिवशी बारा अध्याय येतात, म्हणजे कितीतरी तास एका बैठकीत. गुडघे बोलायला लागतात. चारच दिवस असतील तर सप्ताहाचा संकल्प करूच नका. रोज एक अध्याय नीट वाचा आणि सतरावा वाचाच. करवीरचा एक मठ्ठ म्हणून हिणवला गेलेला मुलगा भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढं जीभ कापून ठेवतो, आणि देवी त्याला नदीपलीकडं औदुंबराखाली पाठवते, ती कथा त्यात आहे. तो पलीकडचा काठ आजही समोर दिसतो. तरी निम्मे पाहुणे भुवनेश्वरीला न जाताच परततात. ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. नाव चालू असेल आणि लाइफ जॅकेट मिळत असेल तर नावेनं जा, नाहीतर पुलावरून गाडीनं. खचाखच भरलेल्या नावेत बसायचं नाही, कुणी कितीही "काय न्हाई होत" म्हणालं तरी.

तिसऱ्या दिवशी हमखास कंटाळा येतो. बिघडलं काही नाही, हे सगळ्यांचंच होतं. पण लोक तेव्हा मोबाइल उघडतात नाहीतर गाडी काढून सांगली गाठतात. त्यापेक्षा अंकलखोपच्या बाजूला उसाच्या बांधावरून तासभर चाला. भिलवडीत चहा घ्या. चितळ्यांची डेअरी मूळची इथलीच, १९३९ सालची, त्यामुळे दुधाला नाव ठेवायची सोय नाही.

परतीचा प्रवास मात्र दिवसा ठेवा. सांगली पंचवीस-तीस किलोमीटरच आहे, म्हणून लोक शेजारती करून रात्री निघतात. गळिताच्या हंगामात याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. शेजारतीला थांबायचंच असेल तर रात्रीही तिथंच राहा आणि सकाळी चहा घेऊन निघा.